स्केल्टनच्या खिशातला कागद

गलबतवाल्या टोबायस स्केल्टनच्या घराला कुलूप नव्हतं. लोक ते त्याच्या चांगुलपणाचं लक्षण म्हणून सांगत. चार शागीर्द माळ्यावर झोपतात, दार नुसतं लोटलेलं असतं, तरी एक पोरगा पळून जात नाही, म्हणजे मालक किती भला असेल! आमच्या रेवनस्टेथ बंदरातल्या बायका असं बोलायच्या तेव्हा मी मान खाली घालून मासे चिरत बसायचे. हातात सुरी असताना बोलू नये, एवढी अक्कल मला होती.

माझा धाकटा भाऊ जेबेझ त्या चौघांतला एक. कुलूप नव्हतं, कारण गरजच नव्हती. जेबेझचा कागद स्केल्टनच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, आणि कागदाशिवाय एकोणीस वर्षांच्या धडधाकट पोरानं त्या वर्षी आमच्या गल्ल्यांतून फिरणं म्हणजे बकऱ्यानं आपण होऊन खाटकाकडे जाणं. फ्रेंचांशी लढाई कित्येक वर्षं चालूच होती. आरमाराला माणसं हवी होती, आणि बोलावून कुणी येईना तेव्हा ते उचलून नेत. लेफ्टनंट पेल आणि त्याचे पाच धरपकडवाले सोटे घेऊन कधी धक्क्यावर, कधी गुत्त्यात, कधी चर्चच्या फाटकाशी उभे असत. दर्यावर काम केलेला माणूस दिसला की धर गचांडी आणि टाक होडीत. आमच्या बापाला त्यांनी असाच नेला. मी तेव्हा बारा वर्षांची होते, जेबेझ आठचा. बाप ओटची पेज खात बसला होता, तो चमचा हातात धरूनच गेला. चार वर्षांनी कुणीतरी सांगितलं की वेस्ट इंडीजकडे तापानं मेला. पुरला की समुद्रात टाकला, हेसुद्धा कळलं नाही.

म्हणून तर जेबेझला शागीर्द केला. नव्यानं दर्यावर जाणाऱ्या मुलानं गलबताच्या मालकाशी करार केला की तीन वर्षं आरमारानं त्याला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. तसा कागद मिळतो, त्यावर उंची, केसांचा रंग, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. आई तेव्हा जिवंत होती. चार वर्षांच्या करारावर तिनं सहीची फुली मारली आणि घरी येऊन बाप गेल्यापासून प्रथमच पोटभर जेवली. तीन वर्षांत लढाई संपेल, असं तिचं म्हणणं. मालक कसा आहे याची चौकशी आम्ही दोघींनी केली नाही. आम्ही कागद बघितला, माणूस बघितलाच नाही.

स्केल्टन कधी आवाज चढवत नसे. पोरांना तो 'बाळ' म्हणायचा. 'हात पुढे कर, बाळ,' म्हणायचा, आणि डांबर लावलेल्या दोराच्या टोकानं तळहातावर मारायचा. पाठीवरचे वळ सदऱ्याखाली झाकतात, त्यामुळे पाठही सुटत नसे, पण त्याची आवड तळहातांची. कोळशाच्या गलबतावर हातांशिवाय माणूस म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात जॉब नावाचा शागीर्द डोलकाठीवरून समुद्रात पडला. सगळं गाव म्हणालं, पाय घसरला. जेबेझ त्या वेळी त्याच्या खालीच दोराला लोंबकळत होता. त्यानं मला सांगितलं की पाय घसरला नव्हता. जॉबचे हात इतके सुजले होते की बोटं मिटत नव्हती, आणि दोर बर्फानं गोठला होता. मालकानं खालून गोड आवाजात सांगितलं, 'आणखी वर जा, बाळ.'

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये मी जेबेझचे हात पाहिले. शागीर्द वरच्या सज्ज्यात बसतात, त्यामुळे बोलणं व्हायचं ते सुटताना जिन्यावर, चार शब्द. प्रार्थनेचं पुस्तक त्यानं दोन्ही मनगटांत धरलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "बोटं मिटत नाहीत, डोरकस." एवढंच बोलला. गलबत गुरुवारी सुटणार होतं.

रात्री डोळा लागला की मला दोर दिसायचा, आणि त्यावर एक न मिटणारा हात. सोमवारी मी मासे चिरायच्या पिंपावरून उठले, हात धुतले आणि थेट मॅजिस्ट्रेट लिंगार्डसाहेबांच्या दारी गेले. माझ्या अंगाला हेरिंगचा वास येत होता, म्हणून त्यांच्या नोकरानं मला पायरीच्या वर येऊ दिलं नाही. साहेब मात्र भले. पायरीवर उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मालकानं छळ केला असेल तर दोन मॅजिस्ट्रेट मिळून करार मोडू शकतात, असं त्यांनी सांगितलं. बुधवारी खानावळीच्या माडीवर न्यायाला बसणार आहोत, शागिर्दाला घेऊन ये, म्हणाले.

घेऊन ये! हेच तर मोठं कोडं होतं. स्केल्टनच्या घरापासून खानावळीपर्यंत सगळी मिळून तीनशे पावलं, आणि त्या वाटेवर पेलची माणसं. कागद मालकाच्या खिशात. जेबेझ एकटा निघाला असता तर मासळीबाजाराच्या पुढे पोचला नसता. मी साहेबांना तसं म्हटलं. ते जरा विचारात पडले, मग म्हणाले, कॉन्स्टेबलला समन्स घेऊन पाठवतो, तो मालक आणि शागीर्द दोघांनाही बरोबर आणील, मालकानं कागदासह यावं असंही लिहितो. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

त्या दोन दिवसांत ती तीनशे पावलं मी हजारदा तरी चालले असेन. कॉन्स्टेबल पुढे, मालक मागे, जेबेझ मध्ये. कोपऱ्यावर पेल अडवील, तेव्हा कॉन्स्टेबल काय म्हणेल, मालक कागद दाखवायला विसरला तर मी काय म्हणेन, सगळं पाठ केलं. जाण्याची वाट मी दगड न् दगड मोजून काढली होती. येण्याच्या वाटेचा विचार एकदासुद्धा केला नाही. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मंगळवारी संध्याकाळी स्केल्टन स्वतः आमच्या दाराशी आला. समन्स त्याला पोचलं होतं. टोपी काढून, पाय पुसून आत आला, आईच्या खुर्चीत बसला. मी उभीच राहिले.

"डोरकस," तो म्हणाला, "तक्रार मागे घे. माझ्यासाठी नाही सांगत. तुझ्यासाठी सांगतो."

मी म्हटलं, "मालक, तुम्हाला माझी काळजी कधीपासून?"

तो हसला. "पोरगा माझा आहे तोवर तो कुणाचा तरी आहे. उद्या तो कुणाचाच नसेल. मग त्याला कोण विचारील?"

"मी विचारीन," मी म्हटलं. "दार तिकडे आहे."

तो शांतपणे उठला, टोपी घातली, आणि निघून गेला. तो धमकी देऊन गेला असं मला वाटलं. रात्रभर दाराला कडी आणि कडीला खुर्ची लावून मी चुलीचा चिमटा हातात घेऊन बसले. आता आठवलं की हसू येतं, पण ते हसू काही बरं नाही.

बुधवारी सकाळी धुकं होतं. कॉन्स्टेबल पुढे, मालक मागे, जेबेझ मध्ये, अगदी मी ठरवलं होतं तसे ते निघाले, आणि मी दहा पावलं मागून चालले. मासळीबाजार गेला. धक्क्याचा कोपरा गेला. खानावळीच्या दाराच्या आतच पेल आणि त्याची माणसं शेकोटीशी पाय पसरून बसली होती. माडीच्या जिन्याकडची वाट त्यांच्या मधून जाते.

पेल उठला. जेबेझची हनुवटी दोन बोटांनी वर करून त्यानं चेहरा बघितला, घोड्याचे दात बघावेत तसा. स्केल्टननं कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून दिला. पेलनं तो मोठ्यानं वाचला. उंची पाच फूट सात इंच, केस तांबूस, डाव्या भुवईवर जुना व्रण. प्रत्येक शब्दाला तो जेबेझकडे बघत होता. मग त्यानं कागद परत दिला आणि बाजूला सरकला.

"जा," तो म्हणाला. "आम्ही इथंच आहोत."

जिना चढताना मी मनात म्हटलं, डोरकस, जिंकलीस. अवघड होतं ते पार पडलं.

माडीवर लांब टेबलामागे लिंगार्डसाहेब आणि दुसरे मॅजिस्ट्रेट म्हणून गावचे म्हातारे पाद्री बसले होते. कारकून एका कडेला. दहा-बारा गलबतवाले मालक भिंतीला पाठी टेकून बघायला आले होते. ते सगळे स्केल्टनचे दोस्त, आणि सगळ्यांच्या घरी माळ्यावर शागीर्द. साहेबांनी मला शपथ दिली. मी जॉबचं सांगितलं, हातांचं सांगितलं, दोराचं सांगितलं. आवाज फाटला तरी थांबले नाही. जेबेझनं सगळ्याला हो म्हटलं. मग साहेबांनी जेबेझला सदरा काढायला लावला. बटणं त्याला काढता येईनात, ती मी काढली. त्याची पाठ बघून पाद्रीबोवांनी तोंड फिरवलं.

स्केल्टनला विचारलं तर त्यानं काहीच नाकारलं नाही. पोरगा आळशी आहे, मी त्याला वळण लावत होतो, साहेबांना ते जास्त झालं असं वाटत असेल तर साहेबांची इच्छा. इतक्या लवकर तो नमेल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांनी पाद्रीबोवांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. करार मोडला असा हुकूम लिही, असं साहेबांनी कारकुनाला सांगितलं. कारकून कुरुकुरु लिहायला लागला.

मी जेबेझला सदरा घालत होते. तो रडत होता आणि हसतही होता. माझ्याशेजारी दाराचा पहारेकरी उभा होता, म्हातारा, चांगल्या मनाचा. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, मागचं दार असतं तर बरं झालं असतं. पण ह्या माडीला एकच जिना."

मला कळेना. मी म्हटलं, "मागचं दार कशाला?"

"लेफ्टनंटसाहेब सकाळपासून उगीच बसलेत का? सोडलेली पोरं त्यांना इथंच मिळतात. करार गेला की कागदही गेला. गेल्या खेपेला दोन नेले, जिन्याच्या खालच्या पायरीवरून."

माझा हात बटणावरच राहिला. मी स्केल्टनकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, अगदी सौम्यपणे. काल तो म्हणाला होता ते सगळं मला ऐकू आलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यानं मला धमकी दिली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं.

"साहेब, थांबा," मी ओरडले.

लिंगार्डसाहेबांना मी सांगितलं की खाली धरपकडवाले आहेत, करार मोडलात तर ते ह्याला नेतील. साहेबांचा चेहरा पडला. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांनी तिथवर विचार केला नव्हता, माझ्यासारखाच. आरमाराच्या कामात मी हात घालू शकत नाही, ते म्हणाले. मग भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं की ह्या पोराचा करार आजच्या आज आपल्या नावावर घ्यायला कुणी तयार आहे का. मालकांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मालकाला कोर्टात खेचणारा शागीर्द कोण घरात घेतो? कारकुनाचं लिहिणं झालं. त्यानं शाई टिपायला वाळू टाकली, झटकली, आणि हुकूम सहीसाठी पुढे सरकवला. पेन साहेबांच्या हातात होतं.

जेबेझला आता सगळं कळलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाप चमचा घेऊन उभा राहिला तेव्हा असाच दिसला होता.

"साहेब, सही करू नका," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. मालकांनी मला मारलेलं नाही."

"तुझी पाठ मी आत्ता पाहिली, पोरा."

"मी पडलो. शिडीवरून."

"आणि हात?"

"हातही शिडीनंच, साहेब."

भिंतीशी कुणीतरी फिसकन हसलं. साहेब माझ्याकडे वळले. ह्या बाईनं शपथेवर सांगितलंय, ते म्हणाले, ती काय म्हणते? सगळी माडी माझ्याकडे बघत होती. जन्मात मी कुणाचा धागा उचलला नाही, कुणाशी खोटं बोलले नाही, आणि ह्याचा मला माज होता, हे आता कबूल करते. बायबलवर मी मघाशी हात ठेवला होता तो अजून गार लागत होता.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "मालक भला माणूस आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती कोण जाणे. शागिर्दानं मालकावर खोटी तक्रार केली तर कायद्यानं त्याला शिक्षा आहे, पोराला महिनाभर सुधारगृहात टाकावं लागेल, असं ते म्हणाले. ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला! एक महिना! सुधारगृहाला भिंती आहेत, तिथे पेल येत नाही, आणि गलबत गुरुवारी सुटतं, ते ह्याच्याशिवाय सुटेल, महिनाभरात हात बरे होतील. टाका, साहेब, टाका, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. तिथे फटके मारतात, पण दगडापेक्षा वीट मऊ.

स्केल्टन एक पाऊल पुढे आला. "साहेब, पोरगं आहे, चुकलं," तो म्हणाला. "मी माफ केलं. उद्या गलबत सुटतंय, मला माणूस हवा आहे."

मालकच माफ करतो म्हटल्यावर साहेब काय करणार? कारकुनानं हुकूम उभा फाडला. भिंतीशी उभ्या गलबतवाल्यांनी पुढे येऊन स्केल्टनचा हात हातात घेतला. पाद्रीबोवा मला म्हणाले की असा मालक मिळाल्याबद्दल देवाचे आभार मान.

आम्ही जिना उतरलो. स्केल्टन पुढे, जेबेझ मागे, त्याच्यामागे मी. कॉन्स्टेबलचं काम संपलं होतं, तो माडीवरच बिअर मागवून बसला. खालच्या पायरीवर पेल उभा होता. त्यानं जेबेझच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली. त्याच्या दोन माणसांनी जेबेझचे दंड धरले.

"करार मोडला ना?" पेलनं विचारलं.

स्केल्टन थांबला. त्यानं वळून पाहिलं, आणि कोटाच्या एका खिशात हात घातला. रिकामा काढला. दुसऱ्या खिशात घातला. तोही रिकामा. मघाशी कागद कुठल्या खिशातून निघाला होता ते मी पाहिलं होतं, आतल्या, डाव्या बाजूच्या. तिकडे त्याचा हात जाईना. त्यानं टोपी काढून टोपीत बघितलं. पेलच्या माणसांनी जेबेझला दाराकडे ओढायला सुरुवात केली. जेबेझ ओरडला नाही. त्याची न मिटणारी बोटं जिन्याचा कठडा धरायला बघत होती आणि सटकत होती.

"डोरकस," स्केल्टन म्हणाला, "काही म्हणालीस का?"

मी गुडघ्यांवर बसले. त्या जमिनीवर बिअर सांडली होती, लोक थुंकले होते. "मालक," मी म्हणाले, "तो तुमचा आहे. दया करा. तो तुमचाच आहे."

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग त्यानं आतल्या खिशातून कागद काढला आणि पेलच्या हातात दिला. पेलनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, उंची, केस, भुवईवरचा व्रण, आणि कॉलर सोडली.

"चल, बाळ," स्केल्टन म्हणाला. "पहाटे भरतीला निघायचंय."

जेबेझ त्याच्यामागून निघाला. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी अजून गुडघ्यांवर होते. भाऊ त्या माणसाच्या घराकडे चालला आहे आणि उद्या त्या हातांनी डोलकाठीवर चढणार आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या माणसाच्या पाठीकडे बघून मी म्हणाले, देव तुमचं भलं करो, मालक. कुणी म्हणायला लावलं नव्हतं. मी ते मनापासून म्हणाले.